‘पिऊन बडबडतोय’ म्हणून सोडून देऊ नका

‘उतरली की विसरेल सगळं.’ घरातला माणूस पिऊन ‘आता जगायचं नाही’ म्हणाला, की बहुतेक घरांत एवढ्यावरच विषय मिटतो. मला हे फार धोक्याचं वाटतं. दारू मेंदूच्या पुढच्या भागाचा, म्हणजे आवर घालणाऱ्या भागाचा, लगाम सैल करते. समोरचं दुःख तेवढं दिसतं, उद्याचा दिवस दिसत नाही. एरवी मनातला विचार आणि कृती यांच्यामध्ये जो वेळ जातो, तोच अनेकांचा जीव वाचवतो. नशेत तो वेळच उरत नाही.

समाजाच्या पातळीवरही हे दिसलं आहे. 1985 साली गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत संघात दारूविरोधी मोहीम काढली. दारू महागली, दुकानं कमी झाली आणि आत्महत्यांचं प्रमाण ठळकपणे खाली आलं, पुरुषांत जास्त. मोहीम ढिली पडल्यावर ते पुन्हा चढलं.

जोखीम सतत सारखी नसते. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये 1956-57 साली आत्महत्या केलेल्या दारूच्या व्यसनी व्यक्तींची माहिती अभ्यासली गेली. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश जणांचं जवळचं नातं शेवटच्या सहा आठवड्यांत तुटलं होतं: घटस्फोट, ताटातूट, मृत्यू. बायको माहेरी निघून गेली, तर त्या काळात त्या माणसाकडे कुणीतरी लक्ष द्यायलाच हवं. याचा अर्थ तिनं मार खात राहावं असा अजिबात नाही. ही जबाबदारी भावंडांची, मित्रांची, डॉक्टरांची.

दारू सोडल्यानंतरचे पहिले आठवडेही नाजूक. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, त्याला मात्र झोप नसते, मन खचलेलं असतं, कर्ज आणि तुटलेली नाती शुद्धीत दिसू लागतात. दारूमुळे आलेलं नैराश्य बऱ्याच जणांत तीन-चार आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर त्याचे वेगळे उपचार लागतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम दारू बंद करू नये, फिट येऊ शकते.

2019च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही तरी मदत मिळते.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो.