गोल लांबट का दिसला?

माझी भाची पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या घरी येऊन तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला, लिब्रेकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं, एक वर्तुळ काढलं आणि पिशवीतली पट्टी काढून सरळ स्क्रीनला लावली. "मामा, बघा की. आडवं आठ सेंटिमीटर, उभं सहा. गोल काढलं तरी लांबटच दिसायलंय."

लॅपटॉप २०११ सालातला, तिच्या वडिलांचा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या यंत्रावर चालणार नव्हतं. म्हणून माझ्या जुन्या पेन ड्राइव्हवरून मीच त्यात लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, टाकून दिलं होतं. लिनक्स बसलं, चालूही झालं. पण खिडकी सरकवली की तिच्यामागे फाटल्यासारख्या रेघा उमटत, व्हिडिओ अडखळत चाले, पंखा सतत ओरडत असे आणि उजेड कमी-जास्त करायची बटणं दाबून काही होत नसे. मी हे सगळं "जुनं यंत्र आहे" म्हणून सोडून दिलं होतं. पोरीने पट्टी लावली आणि आजार कुठे आहे ते आकड्यातच समोर आलं.

आठला सहाने भागलं की १.३३ येतात. या लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या ओळीत १३६६ ठिपके आहेत आणि अशा ७६८ ओळी. १३६६ ला १०२४ ने भागा, उत्तर पुन्हा १.३३. म्हणजे आत चित्र तयार होत होतं १०२४ बाय ७६८ चं, आणि ते ताणून १३६६ च्या रुंदीवर बसवलं जात होतं. वर्तुळ बरोबरच होतं. ज्याने ते पडद्यावर मांडायचं, त्याला पडदा केवढा आहे हेच माहीत नव्हतं.

खरं तर पडदा हे स्वतःच सांगतो. लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये एक इवलीशी मेमरी असते आणि तिच्यात १२८ बाइटचं टिपण असतं: मी कोणत्या कंपनीचा, माझी लांबी-रुंदी किती, माझ्यात ठिपके किती, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. या टिपणाला ईडीआयडी म्हणतात. ते वाचून चित्राचं माप ठरवायचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे चित्रं काढणाऱ्या चिपशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ड्रायव्हरच जागेवर नसेल तर कॉम्प्युटर एका जुन्या सोयीवर येतो. कोणतंही ग्राफिक्स कार्ड असो, व्हेसा या मंडळाने ठरवलेल्या मोजक्या सामायिक आज्ञा ते पाळतं, आणि त्या आज्ञांमध्ये १०२४ बाय ७६८ हे एक ठरलेलं माप आहे. परक्या गावात भाषा येत नसली तरी खुणा करून पाणी मागता येतं, तेवढाच हा व्यवहार. तहान भागते, गप्पा होत नाहीत.

आता पंख्याचं बघू. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे दर सेकंदाला सहा कोटी एकोणतीस लाखांवर ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला चार बाइट धरले तर सेकंदाला २५ कोटी बाइट नुसते पडद्याकडे वाहत असतात, स्क्रीनवर काहीही हलत नसलं तरी. खिडकी सरकली, सावली पडली, व्हिडिओ चालू झाला की यातल्या लाखो ठिपक्यांचा रंग नव्याने काढावा लागतो. एकेक हिशेब सोपा असतो, पण ते एकाच वेळी प्रचंड संख्येने करावे लागतात.

मुख्य प्रोसेसर या कामासाठी घडवलेला नसतो. या लॅपटॉपात एएमडीचा ई-३५० प्रोसेसर आहे: दोन कोअर, १.६ गिगाहर्ट्झ, आणि जास्तीत जास्त १८ वॅट उष्णता गृहीत धरून बांधलेला. त्याच तुकड्यावर शेजारी रेडिऑन एचडी ६३१० ही ग्राफिक्स चिप आहे, तिच्यात हिशेब करणारी ८० लहान एककं. दोन मोठे पैलवान आणि ऐंशी हमाल असा हा संसार. गूळ मार्केटमध्ये ट्रक उतरवायचा असेल तर काम कोणाचं, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. आमच्या लॅपटॉपात मात्र ऐंशी जण बसून होते आणि दोघे ढेपा वाहत होते. लिनक्समध्ये चित्रं काढायचं काम बघणाऱ्या मेसा नावाच्या सॉफ्टवेअर-संचात एलएलव्हीएमपाइप म्हणून एक भाग आहे. ग्राफिक्स चिप हाताशी नसेल तेव्हा चित्रं काढायचं सगळं काम तो मुख्य प्रोसेसरकडून करून घेतो. पंखा ओरडत होता तो यामुळे. तुमच्या लिनक्समध्ये 'सिस्टिमची माहिती' या पानावर ग्राफिक्सच्या पुढे चिपच्या नावाऐवजी एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं दिसलं, तर तुमच्याकडेही हेच चाललंय असं समजा.

ते ऐंशी जण बसून का होते, हे बघायला मी दोन गोष्टी केल्या. एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की यंत्रात कोणकोणत्या चिपा आहेत त्यांची यादी येते, आणि सोबत 'एनएन' जोडलं की प्रत्येकीचा ओळखक्रमांकही. आमच्या ग्राफिक्स चिपचा क्रमांक आला १००२:९८०२. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. १००२ हा मुळात एटीआय या कॅनडातल्या कंपनीचा. ती २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली, पण क्रमांक जुनाच राहिला. इंटेलचा क्रमांक आहे ८०८६, तिच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचं नाव. ड्रायव्हर चिपला ओळखतो तो या आकड्यांवरून, डब्यावरच्या स्टिकरवरून नव्हे. म्हणून इंटरनेटवर उपाय शोधताना लॅपटॉपचं मॉडेल टाकण्यापेक्षा हा क्रमांक टाकावा, निम्मा त्रास वाचतो.

दुसरी आज्ञा डीमेसेज. यंत्र सुरू होताना लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, काय काय केलं त्याची ती नोंदवही. तिच्यात हवी ती ओळ सापडली: ड्रायव्हर होता, त्याने चिप ओळखलीही होती, पण फर्मवेअर नसल्यामुळे माघार घेतली होती.

फर्मवेअर ही काय चीज आहे? ग्राफिक्स चिपच्या आत आज्ञा वाचून पुढे वाटून देणारे लहान प्रोसेसर असतात, म्हणजे हमालांचे मुकादम. या मुकादमांना काम कसं करायचं हे लक्षात राहत नाही. वीज गेली की पाटी कोरी. म्हणून यंत्र सुरू झालं की ड्रायव्हरने दर वेळी सूचनांच्या काही लहान फाइल चिपमध्ये उतरवायच्या असतात. आमच्या चिपसाठी त्या फाइलींची नावं 'पाम' आणि 'सुमो' अशी सुरू होतात. आकार किरकोळ, पण त्या नसतील तर ऐंशीतला एकही जण जागचा हलत नाही. माझ्या पेन ड्राइव्हवर त्या नव्हत्या. बसवल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि लॉगिनचा पडदा येतानाच अक्षरं बारीक आणि रेखीव दिसली. भाचीने पुन्हा वर्तुळ काढून पट्टी लावली. आडवं सहा, उभं सहा.

दुरुस्ती संपली, पण मला खरं सांगायचं आहे ते पुढचं. २०११ सालच्या स्वस्त चिपशी कसं बोलायचं, हे आजच्या लिनक्सला माहीत आहे. ते त्याला कुणी शिकवलं?

चिपशी बोलणं म्हणजे तिच्या रजिस्टरांमध्ये आकडे लिहिणं. रजिस्टर म्हणजे चिपमधले क्रमांक घातलेले कप्पे. अमुक कप्प्यात अमुक आकडा टाकला की पडदा चालू, तमुक कप्प्यात तमुक टाकला की चिपचं घड्याळ, म्हणजे तिच्या कामाची गती, मंद. कोणत्या कप्प्याचा अर्थ काय, हे फक्त चिप बनवणाऱ्याला माहीत असतं आणि त्याचे कागद बहुतेक वेळा बाहेर येत नाहीत. एएमडीने २००७ च्या सप्टेंबरात ते कागद बाहेर देण्याचं जाहीर केलं आणि दिलेही. कंपनीचे पगारी इंजिनिअर आणि बाहेरचे स्वयंसेवक, दोघांनी मिळून त्यावर उघडा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो असा.

परिणाम बघा. आमची चिप बाजारात आली २०११ मध्ये. तिचा व्हिडिओ उलगडणारा भाग उघड्या ड्रायव्हरला वापरता येऊ लागला २०१३ मध्ये, कर्नल ३.१० पासून. काम नसताना घड्याळ आपोआप मंद करून वीज वाचवायची सोय त्याच वर्षी ३.११ मध्ये आली. विकत घेतलेली वस्तू दोन वर्षांनी, एक रुपया न देता, जास्त थंड आणि जास्त कामाची झाली. आणि ते तिथेच थांबलं नाही. या पिढीच्या चिपा एकेका आज्ञेत पाच हिशेबांची मोळी बांधून घेतात. ऐंशी एककं म्हणजे पाच-पाचांच्या सोळा टोळ्या. एकमेकांवर अवलंबून नसलेले पाच हिशेब शोधून मोळी भरायची जबाबदारी मेसामधल्या कंपायलरची, म्हणजे प्रोग्रामचं चिपच्या आज्ञांमध्ये भाषांतर करणाऱ्या भागाची. तीनच सापडले तर दोन जागा रिकाम्या जातात. चिप जितकी, तितकीच ही मोळी बांधायची हुशारी महत्त्वाची. हा कंपायलर २०२० नंतरच्या वर्षांतही नव्याने लिहिला गेला, जेव्हा अशा चिपांचं दुकानात नावही कुणी काढत नव्हतं. हे मला फार मोलाचं वाटतं.

कागद मिळाले नाहीत तर? एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या चिपांबाबत बराच काळ तसं होतं. कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर द्यायची आणि तो वेगवानही होता, पण बंद डब्यात. बंद ड्रायव्हरची अडचण वेग ही नसते, वय ही असते. लिनक्सचा कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा येतो आणि त्याच्या आतले सांधे बदलत राहतात. उघडा ड्रायव्हर कर्नलच्या घरातच राहतो, त्यामुळे सांधा बदलणारा माणूस त्यालाही जुळवून घेतो. बंद ड्रायव्हर बाहेर राहतो. कंपनीने त्याच्याकडे बघणं थांबवलं की काही काळाने तो नव्या कर्नलला जोडताच येत नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेतल्या कार्डांचा ३९० क्रमांकाचा ड्रायव्हर २०२२ अखेर असाच थांबला. कार्ड शाबूत असतात, त्यांच्याशी बोलणारा उरत नाही.

यावरची वाट कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, रोज दिसते. कुठल्या तरी परदेशी मशीनचा पार्ट मोडतो, कंपनी बंद पडलेली असते, ड्रॉइंग नसतं. मिस्त्री म्हणतो, नमुना द्या. मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, लावून प्रत्येक माप घ्यायचं, झिजलेला भाग मूळचा केवढा असेल याचा अंदाज बांधायचा, लेथवर एक पार्ट काढून बसवून बघायचा, नाही बसला तर दुसरा. २००५ मध्ये सुरू झालेल्या नूवो या प्रकल्पाने एनव्हिडियाच्या चिपांबाबत हेच केलं. नूवो म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा'. फक्त व्हर्नियर वेगळा होता. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवायचा आणि तो कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकतो याची नोंद घ्यायची. मग एकच गोष्ट बदलायची, समजा पडद्याचं माप, आणि पुन्हा नोंद घ्यायची. दोन याद्या शेजारी ठेवल्या की बदललेले आकडे वेगळे दिसतात. त्यातूनच त्या कप्प्याचा अर्थ लागतो. या नोंदी घेण्यासाठी एमएमआयओट्रेस नावाचं हत्यारच कर्नलमध्ये आलं. हजारो कप्पे, एकेक करून. २०१० च्या फेब्रुवारीत नूवो कर्नल २.६.३३ मध्ये दाखल झाला.

नमुन्यावरून काढलेल्या पार्टची एक मर्यादा असते: माप मिळतं, पोलादाची जात सहज कळत नाही. नूवोलाही चित्र दाखवणं जमलं, पण चिपचं घड्याळ पूर्ण वेगाने पळवणं अनेक पिढ्यांबाबत नीट जमलं नाही. जीफोर्स ९०० मालिकेपासून तर कंपनीची सही असलेलं फर्मवेअरच चिप स्वीकारते, तिथे व्हर्नियर चालत नाही. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियानेही आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग उघडा केला, पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांसाठी. जुन्या लॅपटॉपांना नूवोचाच आधार आहे. गेम खेळायचे नसतील तर तोच ठेवावा, जुना बंद ड्रायव्हर जबरदस्तीने बसवायच्या खटपटीत पडू नये, असं माझं मत आहे.

आणखी एक सांगायला हवं. एएमडीचा ड्रायव्हर उघडा असला तरी 'पाम' आणि 'सुमो' या फाइली उघड्या नाहीत. वाटायची परवानगी आहे, आत काय लिहिलंय ते वाचायची सोय नाही. म्हणून लिनक्सच्या जगात त्या सोबत द्याव्यात की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. डेबियन या लिनक्सच्या एका जुन्या संचाने २०२२ मध्ये मतदान घेऊन त्या सोबत द्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून त्या मिळतात. न देणाऱ्यांचं तत्त्व मला कळतं आणि त्याबद्दल आदरही आहे. पण पहिल्यांदा लिनक्स बसवणाऱ्या मुलीला गोल लांबट दिसला तर ती ते तत्त्व समजून घ्यायला थांबणार नाही. झालेला निर्णय मला योग्य वाटतो.

भाचीचा लॅपटॉप आता शांत चालतो. रॅम दोनवरून चार जीबी केली आहे. एक गोष्ट मात्र राहिली. कॉलेजच्या लेक्चरचे व्हिडिओ एच.२६४ या पद्धतीचे असतात, ते प्लेअरमध्ये सुरळीत चालतात, कारण ती पद्धत उलगडणारं सर्किट चिपमध्ये आहे. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ मध्ये पाठवतं. ती पद्धत २०१३ ची, चिप २०११ ची. तिच्यासाठी सर्किटच नाही आणि ते ड्रायव्हरने आणता येत नाही. ओतकामात जे साच्यात नव्हतं, ते पार्टमध्ये येत नाही. तिथे पुन्हा दोन पैलवानांनाच ढेपा वाहाव्या लागतात. यावर ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारं एक लहानसं एक्सटेन्शन मिळतं. ते तिने स्वतःच शोधून बसवलं, आणि मला फोन करून सांगितलं की पंखा आता ओरडत नाही.