बिग टेनमध्ये मोठं कोण? प्रोग्रॅमचा इतिहास वेगळा, कॉन्फरन्समधला इतिहास वेगळा

बिग टेन कॉन्फरन्समधला सगळ्यात तगडा फुटबॉल प्रोग्रॅम कोणता, असा विषय निघाला की पहिल्या दोन नावांवर फारशी खळखळ होत नाही. मिशिगन आणि ओहायो स्टेट. क्रम मागेपुढे होतो, इतकंच. खरी जुंपते ती तिसऱ्या जागेवरून. एकजण नेब्रास्का म्हणतो, दुसरा मिनेसोटा, तिसरा पेन स्टेट. प्रत्येकाकडे आकडे असतात, आणि ते खरेही असतात. तरी वाद मिटत नाही, कारण तिघंही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

अमेरिकन फुटबॉलशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. कॉन्फरन्स म्हणजे आपसात दरवर्षी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. गटाचं स्वतःचं विजेतेपद असतं आणि त्याच्यावर देशाचं विजेतेपद. प्रोग्रॅम म्हणजे एखाद्या विद्यापीठाचा संघ, त्याच्या सगळ्या हंगामांसकट, कोचेससकट, परंपरेसकट. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन ही नावं शिकायला गेलेल्या मुलामुलींमुळे अनेक मराठी घरांत माहीत असतात. ती तिन्ही याच बिग टेनची सभासद.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहू. प्रोग्रॅमची ऐतिहासिक ताकद म्हणजे त्या विद्यापीठाने जिथे कुठे खेळून, ज्या कुठल्या कॉन्फरन्समध्ये असताना कमावलं ते सगळं. कॉन्फरन्समधली ऐतिहासिक कामगिरी म्हणजे फक्त या गटाचं सभासद असताना कमावलेलं. गटाची माणसं कायम तीच राहिली असती तर दोन्ही याद्या बऱ्याच जुळल्या असत्या. पण बिग टेन १८९६ मध्ये सात विद्यापीठांनी सुरू केली आणि आज तिच्यात अठरा आहेत. पेन स्टेट १९९३ पासून तिच्यात फुटबॉल खेळतंय, नेब्रास्का २०११ मध्ये आलं, मेरीलँड आणि रटगर्स २०१४ मध्ये, तर यूएससी, यूसीएलए, ऑरेगन आणि वॉशिंग्टन २०२४ मध्ये. (या लेखातले आकडे २०२४ च्या हंगामाअखेरपर्यंतचे आहेत.)

हा फरक सगळ्यात ठसठशीत दिसतो तो मिनेसोटा आणि नेब्रास्का शेजारी शेजारी ठेवले की.

मिनेसोटाच्या नावावर बिग टेनची १८ विजेतेपदं आहेत. मिशिगनची ४५ आणि ओहायो स्टेटची ३९ सोडली तर इतकी कुणाचीच नाहीत. राष्ट्रीय विजेतेपदं सात, त्यातली पाच बर्नी बिअरमन या एकाच कोचची: १९३४, १९३५, १९३६, १९४० आणि १९४१. लागोपाठ तीन वर्षं देशात पहिलं येणं ही आजच्या काळात जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. पण मिनेसोटाचं शेवटचं बिग टेन विजेतेपद १९६७ चं, आणि तेही इंडियाना आणि पर्ड्यूबरोबर विभागून मिळालेलं. तेव्हा जन्मलेलं मूल आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे.

नेब्रास्काच्या नावावर बिग टेनची विजेतेपदं शून्य. पण राष्ट्रीय विजेतेपदं पाच: १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७. त्यांचे कोच टॉम ऑसबोर्न यांनी १९७३ ते १९९७ या पंचवीस हंगामांत २५५ सामने जिंकले आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत. हे सगळं झालं बिग एट आणि नंतर बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्सेसमध्ये. १९८३ मध्ये नेब्रास्काने मिनेसोटाला त्यांच्याच शहरात, मिनियापोलिसमध्ये, ८४-१३ असं हरवलं होतं. साठच्या दशकापासून पुढची पन्नास वर्षं नेब्रास्का मिनेसोटाशी हरलंच नाही. तरीही दोघांतल्या आजवरच्या सगळ्या सामन्यांचा हिशेब मांडला तर पुढे मिनेसोटाच आहे, कारण पूर्वार्धात त्यांनी भरपूर जिंकून ठेवलं होतं.

बिग टेनमध्ये आल्यावर नेब्रास्काला विजेतेपदाची संधी एकदा मिळाली. १ डिसेंबर २०१२, इंडियानापोलिस. समोर विस्कॉन्सिन, जे आपल्या विभागात तिसरं आलं होतं. वरच्या दोघांवर, म्हणजे ओहायो स्टेट आणि पेन स्टेटवर, हंगामाअखेरचे सामने खेळायची बंदी होती म्हणून ते अंतिम सामन्यात पोचलं. ओहायो स्टेटने त्या हंगामातले बाराच्या बारा सामने जिंकले होते आणि ते घरी बसलं होतं. विस्कॉन्सिनने चेंडू घेऊन नुसतं पळून ५३९ यार्ड काढले. मेल्विन गॉर्डन आणि मॉन्टी बॉल या दोघांनी प्रत्येकी दोनशेच्या वर. निकाल ७०-३१. कॉन्फरन्सच्या यादीत विस्कॉन्सिनच्या नावावर एक विजेतेपद जमा झालं आणि ओहायो स्टेटच्या नावावर काहीच नाही. त्या वर्षी बिग टेनमधला सगळ्यात चांगला संघ कोणता होता, हे त्या यादीतून कळणार नाही.

तर मग तिसरं कोण? बिग टेनमध्ये कोण, असं विचाराल तर मिनेसोटा. बिग टेनमध्ये आज असलेल्या प्रोग्रॅमपैकी कोण, असं विचाराल तर मिनेसोटाचं नाव बरंच खाली जातं. दोन्ही वाक्यं कानाला सारखीच लागतात, म्हणून तर माणसं तासन्‌तास भांडतात.

बाहेरून आलेल्यांपुरताच हा फरक आहे असंही नाही. जन्मापासूनच्या सभासदातही तो दिसतो, आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मिशिगनच आहे. त्यांचे कोच बो शेम्बेक्लर यांनी १९६९ ते १९८९ या एकवीस हंगामांत बिग टेनची १३ विजेतेपदं जिंकली किंवा विभागून घेतली. राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. कॉन्फरन्सच्या यादीत हा मिशिगनचा सुवर्णकाळ, राष्ट्रीय यादीत कोरं पान. १९६८ ते १९८० या काळात मिशिगन किंवा ओहायो स्टेट यांच्यापैकी निदान एकाच्या हातात दरवर्षी करंडक होता; तेव्हाच्या दहांपैकी बाकीच्या आठजणांत फक्त मिशिगन स्टेटने १९७८ मध्ये त्यात वाटा मिळवला. दोघंच इतके वरचढ असणं म्हणजे कॉन्फरन्स दुबळी होती असा अर्थ काढणारे आहेत. मला तो पटत नाही. पण प्रश्न रास्त आहे, आणि तो कॉन्फरन्सच्या यादीत उमटत नाही.

त्या काळातला एक सामना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २४ नोव्हेंबर १९७३, ॲन आर्बर. दोन्ही संघ अपराजित, सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. बिग टेनचं विजेतेपद विभागून. पण रोझ बोलला (बोल म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांमध्ये होणारा खास सामना) बिग टेनचा एकच संघ जाणार, आणि बिग टेनचा नियम असा की रोझ बोलखेरीज दुसऱ्या कुठल्याच बोलमध्ये खेळायचं नाही. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, डेनिस फ्रँकलिन याचं गळपट्टीचं हाड त्या सामन्यात मोडलं होतं. सगळ्या विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदान करून ओहायो स्टेटला पाठवलं. १९७२, १९७३ आणि १९७४ या तीन हंगामांत मिळून मिशिगन ३० जिंकलं, २ हरलं, १ बरोबरीत राहिलं, आणि त्यांना एकही बोल सामना खेळायला मिळाला नाही. हा नियम १९७५ मध्ये सैल झाला. म्हणून प्रोग्रॅमची ताकद मोजताना बोल विजयांची संख्या सरळ रकान्यात टाकणाऱ्यांवर माझा फार राग आहे. बिग टेनच्या जुन्या संघांना जे खेळूच दिलं नाही, ते त्यांनी जिंकलं नाही म्हणून गुण कापायचे, हा उघड अन्याय आहे.

राष्ट्रीय विजेतेपदांची बेरीजही डोळे मिटून करू नये. या स्तरावर कॉलेज फुटबॉलमध्ये अनेक दशकं अंतिम सामनाच नव्हता. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या यादीसाठी पत्रकार मत देत, १९५० पासून कोचेसची वेगळी यादी निघू लागली. दोन याद्या, कधी कधी दोन विजेते. १९५४ मध्ये पत्रकारांनी ओहायो स्टेटला निवडलं, कोचेसनी यूसीएलएला. दोघं समोरासमोर आलेच नाहीत, कारण यूसीएलए आदल्या वर्षी रोझ बोलला जाऊन आलं होतं आणि त्यांच्या कॉन्फरन्समध्ये लागोपाठ दोनदा जायला मनाई होती. १९६० मध्ये मिनेसोटाला दोन्ही याद्यांनी पहिलं ठरवलं, पण ते बोल सामन्यांच्या आधी. रोझ बोलमध्ये वॉशिंग्टनने त्यांना १७-७ हरवलं, आणि वॉशिंग्टनही १९६० चं विजेतेपद आपलं मानतं. १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का दोघंही अपराजित. पत्रकारांनी मिशिगनला निवडलं, कोचेसनी नेब्रास्काला.

या तिन्ही वर्षांतले वर सांगितलेले दोन्ही दावेदार आज बिग टेनमध्येच आहेत! बिग टेनच्या आजच्या सभासदांची राष्ट्रीय विजेतेपदं सरसकट मिळवली तर ही वर्षं दोनदोनदा मोजली जातात. विद्यापीठाने दावा केलेली विजेतेपदं आणि मोठ्या याद्यांनी दिलेली विजेतेपदं हे दोन रकाने वेगळेच ठेवावे लागतात. मिशिगनच्या बारा दाव्यांतले चार १९०१ ते १९०४ चे आहेत, असोसिएटेड प्रेसची यादी सुरू व्हायच्या कितीतरी आधीचे. मी त्यांना शून्य देत नाही, पण १९९७ आणि २०२३ च्या पंगतीलाही बसवत नाही.

शिवाय देशात पहिला असलेला संघ आपल्या कॉन्फरन्समध्येही पहिला असतोच असं नाही. १९३६ चंच बघा. असोसिएटेड प्रेसची यादी त्याच वर्षी सुरू झाली आणि तिने मिनेसोटाला पहिलं ठरवलं. पण बिग टेन जिंकली होती नॉर्थवेस्टर्नने, मिनेसोटाला ६-० असं हरवून. २०२४ मध्ये पुन्हा तेच. ओहायो स्टेट मिशिगनकडून १३-१० हरलं, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही पोचलं नाही. तिथे ऑरेगनने बिग टेनमधल्या आपल्या पहिल्याच वर्षी पेन स्टेटला ४५-३७ हरवून करंडक उचलला. आणि जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दामला ३४-२३ हरवून देशाचा विजेता ठरला तो ओहायो स्टेट.

बाकीच्या सभासदांमध्येही हेच दिसतं. मिशिगन स्टेटच्या दाव्यांतली १९५१ आणि १९५२ ची राष्ट्रीय विजेतेपदं बिग टेनमध्ये फुटबॉल खेळायला लागण्याआधीची. १९५३ मध्ये ते खेळायला आले आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद विभागून घेतलं. पेन स्टेटची दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं, १९८२ आणि १९८६, बाहेरची. आत आल्यावर १९९४ मध्ये बाराच्या बारा सामने जिंकूनही देशात दुसरा क्रमांक, कारण नेब्रास्काही अपराजित होतं आणि मतं तिकडे गेली. पेन स्टेटची बिग टेन विजेतेपदं चार. शिकागो विद्यापीठाची सात! होय, शिकागो. कोच एमॉस अलोन्झो स्टॅग यांचा संघ, बिग टेनचा संस्थापक सभासद. त्यांनी १९३९ नंतर मोठ्या स्तरावरचं फुटबॉल बंद केलं आणि १९४६ मध्ये कॉन्फरन्स सोडली. कॉन्फरन्सच्या इतिहासाची यादी करायची तर शिकागो पेन स्टेटच्या वर येतं. प्रोग्रॅमची यादी करायची तर त्याचं नावच निघत नाही.

मिशिगनच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. नियमांवरून खटका उडून ते १९०७ पासून दहा वर्षं कॉन्फरन्सच्या बाहेर होतं. या वर्षांतले विजय प्रोग्रॅमच्या इतिहासात धरले जातात (नोव्हेंबर २०२३ मध्ये मेरीलँडला हरवून हजार विजय गाठणारा पहिला प्रोग्रॅम मिशिगन ठरला, त्या हजारात हेही आले). कॉन्फरन्सच्या इतिहासात ते नाहीत. तरी विजेतेपदांत मिशिगनच सगळ्यांच्या पुढे आहे, हे विशेष.

मग मी क्रम कसा लावतो? कॉन्फरन्समधल्या कामगिरीची यादी सोपी आहे: मिशिगन, ओहायो स्टेट, मिनेसोटा, इलिनॉय, विस्कॉन्सिन. इथे मत द्यायला फारसा वाव नाही, विजेतेपदं मोजायची. एवढंच लक्षात ठेवायचं की २०११ पर्यंत अंतिम सामना नव्हता, त्यामुळे त्याआधीची बरीच विजेतेपदं विभागून गेलेली आहेत.

प्रोग्रॅमच्या ताकदीच्या यादीत मी ओहायो स्टेटला पहिलं ठेवतो. मिशिगनचे विजय जास्त आहेत, पण ओहायो स्टेटचं वैशिष्ट्य सातत्यात आहे. १९४२ पासून २०२४ पर्यंत त्यांची राष्ट्रीय विजेतेपदं पसरलेली आहेत आणि लांबलचक पडझड अशी कधी झालीच नाही. दुसरं मिशिगन. तिसरं यूएससी, ज्याचा बिग टेनशी आजवरचा संबंध मुख्यतः रोझ बोलमध्ये तिच्या विजेत्यांना हरवण्यापुरता होता. चौथ्या जागेवर नेब्रास्का आणि पेन स्टेट यांच्यात मला नेहमी अडायला होतं. सर्वोच्च शिखर नेब्रास्काचं उंच, यात शंका नाही. पण २०१७ ते २०२३ असे लागोपाठ सात हंगाम ते जिंकल्यापेक्षा हरलं जास्त. पेन स्टेटने शिखर तेवढं गाठलं नाही आणि दरीही तेवढी पाहिली नाही. शिखराला जास्त वजन देणं मला योग्य वाटतं, म्हणून चौथं नेब्रास्का, पाचवं पेन स्टेट. मिनेसोटा माझ्या या यादीत पहिल्या पाचांत नाही, आणि वरच्या यादीतून त्याला तिसऱ्या जागेवरून हलवायला मी तयार नाही.