विदा-प्रेषण, सुरक्षित

रुग्णांचे अहवाल, प्रश्नपत्रिका, खटल्यांची कागदपत्रे असा गोपनीय डिजिटल मजकूर (विदा) वाटेत कोणाला वाचता वा बदलता येऊ नये, अशा रीतीने दूर पोचविण्याची पद्धत. मराठवाड्यात तिची निकड मुख्यतः जिल्ह्याची रुग्णालये व छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच विद्यापीठे व परीक्षा केंद्रे यांच्यात भासते.

मजकूर कूटबद्ध करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलणे, जुनेच. अडचण होती ती किल्ली पोचविण्याची. ती सार्वजनिक किल्लीच्या कल्पनेने सुटली: कुलूप लावण्याची किल्ली सर्वांना खुली, उघडण्याची मात्र केवळ घेणाऱ्याजवळ. या कल्पनेचे श्रेय सामान्यतः व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांच्या १९७६ च्या निबंधाला दिले जाते. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांची आरएसए पद्धत १९७७ ची. तथापि ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेत जेम्स एलिस यांनी १९७० च्या सुमारास ही शक्यता मांडली होती; क्लिफर्ड कॉक्स (१९७३) व माल्कम विल्यमसन (१९७४) यांनी तिला गणिती रूप दिले. हे काम १९९७ मध्ये उघड झाले, त्यामुळे काही अभ्यासक अग्रमान ब्रिटिशांना देतात. राल्फ मर्कल यांचे स्वतंत्र कामही १९७० च्या दशकातलेच. कुलूपबंद राहिलेल्या शोधावर इतरांना पुढे काम करता आले नाही, हे पाहता शाखेचा आरंभ १९७६ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

आज फाइल बहुधा एईएस (२००१) या प्रमाणित पद्धतीने कूटबद्ध होते आणि तिची किल्ली सार्वजनिक किल्लीच्या आधाराने ठरते. संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवण्यासाठी टीएलएस, तर दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्यासाठी एसएसएच ही पद्धत वापरतात. हिंगोलीहून घाटीला सीटी स्कॅनची फाइल पाठविताना तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ६४ अक्षरांची ओळ, वेगळ्या मार्गाने कळवावा. वाटेत एक बिट जरी बदलला तरी पोचलेल्या फाइलचा ठसा पार वेगळा येतो. फाइल उघडण्याचा पासवर्ड फोनवर सांगावा. तो त्याच ईमेलमध्ये लिहिणे म्हणजे कुलपालाच किल्ली टांगणे होय. फाइल फार मोठी आणि नेट मंद असेल, तर कूटबद्ध हार्ड डिस्क माणसाबरोबर पाठविणे आजही रास्त.

व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांदरम्यान कूटबद्ध असतात. परंतु चुकीच्या ग्रुपवर पडलेला किंवा दुरुस्तीला दिलेल्या मोबाइलच्या गॅलरीत राहिलेला अहवाल त्याने झाकला जात नाही. धोका वाटेपेक्षा टोकांशी अधिक असतो. वैयक्तिक विदा राखण्याची जबाबदारी २०२३ च्या केंद्रीय कायद्याने ती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

आज चोरून साठविलेला कूटबद्ध मजकूर पुढे पुंज (क्वांटम) संगणकाने उलगडता येईल, अशी शक्यता आहे. जन्मभर गुप्त राहावयाच्या आरोग्य-नोंदींसाठी म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणे ठरविणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये प्रमाणित केलेल्या, पुंज संगणकाला तोंड देण्यासाठीच्या नव्या पद्धती अधिक योग्य ठरतात.