मेम्ब्रेन गाळणप्रक्रियेचे संगणकीय सिम्युलेशन

मेम्ब्रेनमधून, म्हणजे गाळणीचे काम करणाऱ्या पातळ पडद्यातून, पाणी गाळले जाताना प्रवाह, दाब आणि क्षारांचे प्रमाण ठिकठिकाणी किती असेल, हे समीकरणांच्या आधारे संगणकावर काढण्याची पद्धत. मेम्ब्रेनची संख्या, पंपाची ताकद आणि विजेचा खर्च प्रकल्प उभा राहण्याआधीच त्यावरून ठरवतात.

बडोद्याला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या, सयाजीराव गायकवाडांच्या काळातल्या आजवा तलावाचे पाणी गोडे. त्याला रिव्हर्स ऑस्मोसिसची (आरओ: दाब देऊन पाणी मेम्ब्रेनपार ढकलणे आणि क्षार मागे ठेवणे) गरज नाही. बडोद्याजवळच्या नंदेसरीसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांच्या खारट सांडपाण्याची गोष्ट वेगळी. ते शुद्ध करून कारखान्यातच परत वापरले, तर मही नदीच्या खाडीत तेवढे कमी जाते. इथे हे गणित खरे कामाला येते.

डार्सीचा नियम (१८५६) पाया आहे: प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात, तर मेम्ब्रेन आणि तिच्यावर साचलेला गाळ यांच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात. आरओमध्ये दाबातून ऑस्मोटिक दाब (क्षारांमुळे पाण्याला उलट खेचणारा दाब) वजा होतो, आणि हिशोब चुकतो तो बहुधा याच वजाबाकीत. समजा, पाण्यात लिटरमागे १०,००० मिलिग्रॅम मीठ आहे. ऑस्मोटिक दाब सुमारे ८ बार (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). त्यातले ७५% पाणी काढून घेतले की उरलेल्यात मीठ चौपट होते आणि हा दाब ३१ बारवर जातो. शिवाय मीठ मेम्ब्रेनला अडून तिच्या पृष्ठभागाशी साठते. तिथे ते २०% जास्त धरले, तर ३७ बार. पंप ३४ बारचा असेल, तर सरासरीच्या हिशोबात सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात एकामागे एक मेम्ब्रेन बसवलेल्या नळीतली शेवटची मेम्ब्रेन जवळजवळ पाणीच देत नाही. म्हणून सिम्युलेशन एकेका मेम्ब्रेनचा हिशोब स्वतंत्र मांडते.

पृष्ठभागालगतचा हा पातळ थर आणखी बारकाईने पाहायचा, तर दोन मेम्ब्रेनमधल्या, मिलिमीटरहूनही कमी जाडीच्या जाळीभोवतीचा प्रवाह नाविए-स्टोक्स समीकरणांनी (द्रवाच्या हालचालीची मूळ समीकरणे) सोडवतात. जाळीच्या धाग्यामागे पाणी कुठे थबकते, ते त्यात दिसते. क्षारांची खपली बहुतेकदा तिथेच धरते.

छिद्रे बुजण्याची चार गणिती रूपे संशोधक हेर्मिया यांनी १९८२ मध्ये एका सूत्रात मांडली. जिवाणूंचा चिकट थर मात्र कुठल्याच सूत्रात नीट बसत नाही.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले, तरी एका दिवसाच्या एकाच नमुन्यावर विसंबू नये. रासायनिक कारखान्यात बॅच बदलली की सांडपाणी बदलते. वेगवेगळ्या बॅचचे नमुने तपासून, छोट्या चाचणी-संयंत्रावर मोजमापे घेऊन, मगच समीकरणांतले स्थिरांक पक्के करावेत.