लागण झाली म्हणजे टीबी झाला का?

मॅन्टू तपासणीसाठी हातावर सुई टोचलेली जागा तिसऱ्या दिवशी टणक सुजते, कागदावर 'पॉझिटिव्ह' असं येतं आणि घरभर एकच वाक्य फिरतं: टीबी निघाला. खरं तर त्या कागदावर तसं काही लिहिलेलं नसतं. त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की क्षयाचे जंतू कधीतरी या शरीरात शिरले आणि शरीराने त्यांची ओळख लक्षात ठेवली. ते कधी शिरले, सध्या काय करताहेत, जिवंत तरी आहेत का, यातलं त्या सुजेला काहीच ठाऊक नसतं.

टीबीची लागण वेगळी आणि टीबीचा आजार वेगळा. जंतू तोच आणि गोळ्यांपैकी काही त्याच, म्हणून गल्लत होते. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ही लागण झालेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2023 मध्ये नव्याने आजारी पडले ते सुमारे 1 कोटी 8 लाख. लागणीच्या मानाने हा आकडा लहान. पण त्याच वर्षी साडेबारा लाख माणसं टीबीने गेली, म्हणजे हलक्यात घ्यावा असा तो मुळीच नाही.

सुरुवात दोन्हींची एकच. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, बोलतो, गातो तेव्हा तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंब हवेतच वाळतात आणि त्यांचे 1 ते 5 मायक्रॉनचे कण उरतात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत पोहोचतात. म्हणून भांडी आणि कपडे वेगळे करून काही साधत नाही, खिडकी उघडून मात्र बरंच साधतं.

वायुकोशात पहारा देणाऱ्या भक्षक पेशी जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पचतो. हा पचत नाही, त्याचं मेणचट आवरण त्याला वाचवतं आणि तो त्या पेशीतच वाढू लागतो. मग आणखी पेशी धावून येतात, वेढा घालतात आणि सूक्ष्म गाठ तयार होते. इथून वाट फुटते.

वेढा टिकला, तर ती नुसती लागण. अशा माणसाला खोकला नाही, ताप नाही, वजन जागच्या जागी. छातीचा फोटो बहुधा स्वच्छ, फार तर एखादा जुना व्रण. त्याच्यापासून कुणालाही काही होत नाही. वेढा फुटला, तर आजार. गाठीचा मधला भाग सडून मऊ होतो, श्वासनलिकेत फुटतो आणि मागे पोकळी राहते. या जंतूला हवा लागते, आणि पोकळीत ती भरपूर असते, त्यामुळे तिथे त्याची बेसुमार वाढ होते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, मेलेली भूक, उतरलेलं वजन, कधी बेडक्यातून रक्त, हा सगळा पुढचा भाग.

लागण झालेल्या शंभरांपैकी 5 ते 10 जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांत आजारी पडतात. म्हणून घरात नुकताच कुणाला टीबी निघाला असेल, तर बाकीच्यांची तपासणी 'सवडीने बघू' म्हणून टाकायची नसते. पाच वर्षांखालचं मूल, एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, तंबाखूचा धूर, डायलिसिस, संधिवातासाठी दिली जाणारी काही प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं, यातलं काहीही असेल तर वेढा कमकुवत होतो.

आता तपासण्या. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

लागण शोधणारी जुनी तपासणी म्हणजे मॅन्टू. हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या आतच, ट्युबरक्युलिनचा, म्हणजे टीबीच्या जंतूंपासून काढलेल्या प्रथिनांच्या द्रावाचा, 0.1 मिली थेंब टोचतात आणि 48 ते 72 तासांनी जागा बघतात. 'बघतात' हा शब्द फसवा आहे, कारण लाली मोजायचीच नसते. मोजायचा तो टणकपणा. अनुभवी माणूस बॉलपेन घेऊन बाहेरून मध्याकडे हळूहळू रेघ ओढत आणतो. पेन अडखळलं की थांबतो, मग समोरच्या बाजूने तसंच. दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर पट्टीने मोजलं, की तो आकडा. एचआयव्ही असलेल्यांत किंवा रुग्णाच्या घरातल्यांत 5 मिलिमीटरही पुरे, जोखमीच्या इतर गटांत 10, आणि कसलीच जोखीम नसेल तर 15. लालभडक पण मऊ चकता पाहून हबकून जाणारे मी पाहिले आहेत, आणि फिकट पण टणक गाठ 'काही नाही' म्हणून सोडून देणारेही.

लहानपणी टोचलेल्या बीसीजी लशीमुळेही मॅन्टू सुजू शकते. इग्रा नावाची रक्ततपासणी या बाबतीत सरस, कारण ती ज्या प्रथिनांवर बेतलेली आहे ती बीसीजीत नसतात. पण इग्रा असो वा मॅन्टू, लागण आणि आजार यांतला फरक दोन्हींना कळत नाही. आजारी माणसात त्या निगेटिव्हही येऊ शकतात, कारण प्रतिकारशक्ती खचली की सूज यायलाही बळ उरत नाही. तेव्हा महिनाभर खोकणाऱ्या मोठ्या माणसाचा निकाल मॅन्टूवर लावायचा नसतो, ना इकडे ना तिकडे.

आजार शोधायचा तर जंतूच हाती लागावा लागतो. त्यासाठी बेडका हवा, तोंडातली थुंकी नव्हे. छातीतून खोकून काढलेला, घट्टसर. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते हजारोंच्या घरात असावे लागतात, त्यामुळे 'स्लाइड निगेटिव्ह' म्हणजे टीबी नाही असं होत नाही. सीबीनॅट ही जनुकीय तपासणी जंतू याहून कमी असले तरी ते पकडते आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही दोनेक तासांत सांगते. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला, मात्र आठवडे लागतात. पुष्कळसे जीवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी वीसेक तास लागतात.

उपचारांतला फरक निव्वळ हिशोबाचा आहे. आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, आपोआपच निपजतो. एका पोकळीत दहा कोटी जंतू असतील, तर गोळीचा पहिला डोस पोटात जाण्याआधीच तिथे शंभरेक बंडखोर बसलेले असतात. एकट्या आयसोनियाझिडने बाकीचे मरतील, खोकला कमी होईल, माणूस बरा झाल्यासारखा दिसेल, आणि तेवढ्यात ते शंभर सगळी जागा व्यापतील. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच झालं: रुग्ण आधी सुधारले, मग अनेकांचे जंतू औषधाला पुरून उरले. म्हणून आजारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं, नंतर चार महिने पहिली दोन. एकाला पुरून उरलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. (रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे. डोळे पिवळे होणं, उलट्या थांबत नसणं किंवा रंग ओळखताना घोटाळा होणं मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं.)

लागणीत जंतू मोजके, म्हणून बंडखोर सापडण्याची शक्यता नगण्य. तिथे एक-दोन औषधं पुरतात: रोज आयसोनियाझिड सहा ते नऊ महिने, किंवा रिफॅम्पिसिन चार महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे बारा डोस. याने माणूस 'बरा' होत नाही, कारण तो आजारी नसतोच. पुढे आजारी पडण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात घटते.

आणि इथेच खरा धोका आहे. लागण समजून प्रतिबंधक गोळ्या दिल्या आणि आत आजार दबा धरून बसलेला असेल, तर आपण वरचा एकट्या औषधाचा प्रकारच त्या फुप्फुसात पुन्हा करतो. म्हणून प्रतिबंधक गोळी सुरू करण्याआधी मॅन्टू राहिली तर एक वेळ चालेल, पण खोकला, ताप, घाम, वजन विचारणं आणि शक्य असेल तिथे छातीचा फोटो काढणं चुकता कामा नये. माझ्या मते सगळ्या विषयात लक्षात ठेवायचा क्रम हाच: आधी आजार नाही याची खात्री, मग लागणीची गोळी.

उलटी गफलतही होते. नुसती लागण असलेल्याला कामावरून घरी बसवतात, जवळ येऊ देत नाहीत. त्याच्या श्वासात जंतू नसतो. एवढंच काय, आजार असलेला प्रत्येक जणही तो पसरवत नाही. मणक्याचा, गाठींचा, मेंदूच्या आवरणाचा टीबी हवेतून दुसऱ्याला होत नाही. फुप्फुसाच्या रुग्णालाही योग्य औषधं सुरू झाली की त्याची पसरवण्याची ताकद झपाट्याने ओसरते. मद्रासमधल्या अभ्यासाने हे 1959 मध्येच दाखवलं होतं: घरी राहून औषधं घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या रुग्णांच्या वेगळ्या रुग्णालयात) ठेवलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त धोका आढळला नाही. घरच्यांना धोका झाला होता तो निदानाआधीच्या खोकल्यात.

बीसीजीचं काम या दोन्हींपेक्षा निराळं. 1921 पासून वापरात असलेली ही लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा धरता येत नाही.

सीमारेषा इतकी ठळक आखली, पण शरीर ती तितकी पाळत नाही. टीबीच्या पाहण्यांत बेडक्यात जंतू सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी खोकलाच नसल्याचं सांगितलं आहे. वेढा ढिला झालेला असतो, माणसाला त्याचा पत्ता नसतो. लक्षणांवर सगळा भार टाकता येत नाही तो यामुळे, आणि रुग्णाच्या घरच्यांनी धडधाकट वाटत असतानाही फोटो काढावा म्हणतात तेही यामुळेच.

राहिली ती मॅन्टूची सूज. लागणीचा कोर्स पुरा झाला, किंवा सहा महिन्यांचे उपचार घेऊन आजार गेला, तरी ती पुढे कित्येक वर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते. गोळ्यांचा गुण आला की नाही हे बघायला कुणी पुन्हा मॅन्टू करायला सांगितली, तर आधीचा कागद दाखवावा आणि कशासाठी ते विचारावं.