पान शेपटीला, पान बोटांना

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडे केप मेलव्हिल नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या उतारांवर काळ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा खच पडलाय. काही धोंडे मोटारीएवढे, काही चक्क घराएवढे. चालत वर पोचणं महाकठीण. मार्च २०१३ मध्ये कॉनरॅड हॉस्किन हा संशोधक आणि टिम लेमन हा छायाचित्रकार हेलिकॉप्टरने माथ्यावर उतरले. काही दिवसांतच त्यांना एक बेडूक, एक सापसुरळी आणि एक पाल अशा तीन नव्या प्रजाती मिळाल्या. त्यातली पाल सर्वांत देखणी: वीतभर लांब, काटकुळ्या पायांची, मोठ्या डोळ्यांची आणि पानासारख्या रुंद, चपट्या शेपटीची. सॉल्ट्युएरियस एक्झिमियस हे तिचं शास्त्रीय नाव.

ही पाल इतक्या आडजागी का सापडावी? लाखो वर्षांत ऑस्ट्रेलिया कोरडा होत गेला, तशी पर्जन्यवनं आक्रसली. पण धोंड्यांच्या राशींमध्ये खोलवर ओल आणि गारवा टिकतो, वणवाही आत शिरत नाही. जंगलाचे छोटे छोटे तुकडे अशाच ठिकाणी तगले आणि त्यांच्यासोबत या पालीही. डोंगर एकमेकांपासून तुटले, तशा पालीही तुटल्या. म्हणूनच ईशान्येकडच्या या क्वीन्सलंड राज्यात एकेका डोंगराची स्वतःची वेगळी प्रजाती आढळते. टाउन्सव्हिलजवळच्या फायल्युरस गुलबारूचं वर्णन २००३ मध्ये झालं. तिचं जंगल एवढंसं आहे की कडेने आत सरकणारा प्रत्येक वणवा तिची जागा खाऊन टाकतो. याउलट सिडनीच्या वालुकाश्मात राहणारी तिची बहीण खुशाल लोकांच्या गॅरेजमध्येही मुक्काम ठोकते.

या पाली दिवसा खडकाच्या फटीत असतात आणि रात्री बाहेर येऊन, बहुतेकदा डोकं खाली करून, भक्ष्याची वाट बघत बसतात. अंगावर बारीक काटेरी उंचवटे, दगडफुलासारखे ठिपके. शेपटी तुटली तर नवी येते. मात्र ती गुळगुळीत असते, जुन्या शेपटीची नक्षी तिच्यावर उमटत नाही. आणखी एक गंमत म्हणजे यांच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्याच नाहीत. बोटं बारीक, वाकडी, पुढे नखं. खरबरीत खडकावर तेवढं पुरतं. काचेवर मात्र आपल्या घरातली पाल यांना सहज हरवेल.

मादागास्करच्या यूरोप्लॅटस पालींची शेपटीही पानासारखीच, पण या वेगळ्या कुळातल्या. म्हणजे अशी शेपटी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडली आहे. इथे सोंग बुंध्याचं आणि पाचोळ्याचं. यूरोप्लॅटस सिकोरी झाडाच्या सालीवर शरीर दाबून बसते. हनुवटीखाली आणि कुशींना कातडीची झालर असते. ती पसरली की शरीराची कडा सालीत मिसळून जाते आणि सावलीच पडत नाही. सावली नाही म्हणजे आकारही कळत नाही. मला या सगळ्या सोंगात हीच युक्ती सर्वांत हुशारीची वाटते, रंग त्यानंतर. फॅन्टॅस्टिकस ही प्रजाती बोटभर लांबीची. बूलेंजर यांनी १८८८ मध्ये तिचं वर्णन केलं. ती हुबेहूब वाळकं पान दिसते, कुरतडल्यासारख्या कडांसकट. तरी कुणी ओळखलंच, तर ती जबडा वासून लालभडक तोंड दाखवते. या देखणेपणाची किंमत यूरोप्लॅटस पालींना मोजावी लागते: पाळण्यासाठी त्यांची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री चालते. २००४ मध्ये या संपूर्ण प्रजातीगटाच्या व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आणायचं ठरलं. जंगलतोड अर्थातच वेगळी.

काही पालींचं पान मात्र बोटांवर असतं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांतल्या फायलोडॅक्टिलस पालींच्या बोटाच्या टोकाला दोन चपट्या गाद्या असतात, आपट्याच्या पानासारख्या, आणि मध्ये नख. गाद्यांवर सूक्ष्म केसांचं जंगल असतं. टोके या मोठ्या आशियाई पालीवरच्या अभ्यासात दिसलं की केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांमध्ये विभागलेलं असतं. फाटे पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधलं क्षीण आकर्षणही पाल तोलून धरायला पुरतं. गोंद नाही, शोषण नाही. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एकेका केसाचं बळ मोजून दाखवलं.

गालापागोस बेटांवर फायलोडॅक्टिलस गटाच्या अनेक प्रजाती आहेत. त्यांतल्या राबिदा बेटावर या गटातली पाल फक्त जुन्या अवशेषांतून माहीत होती. २०११ मध्ये तिथले उंदीर संपवले आणि पुढच्याच वर्षी जिवंत पाल सापडली.

आपल्याकडच्या हेमिडॅक्टिलस पालींनाही इंग्रजीत पर्णबोटी म्हणतात. भिंतीवर चुकचुकणारी नेहमीची पाल त्यांच्यातलीच. पण सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावरची हेमिडॅक्टिलस सताराएन्सिस भिंतीच्या वाटेला जात नाही, दगडांखाली राहते. जमिनीवर राहणाऱ्या या गटात बोटांखालच्या चिकटणाऱ्या पट्ट्या कमी झाल्या आहेत. चढायचंच नाही तर त्या हव्यात कशाला? वरद गिरी आणि एरन बॉवर यांनी २००८ मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा पठारावर पवनचक्क्या फिरू लागून बरीच वर्षं झाली होती.