दुर्मीळ धातूंचा सरकारी साठा: ठेवायचं काय आणि कशा रूपात?

सोलापुरात एखाद्या गॅरेजात इलेक्ट्रिक स्कूटरची हब मोटर (चाकातच बसवलेली मोटर) उघडलेली दिसली, तर दोन मिनिटं थांबून बघा. मधोमध तांब्याच्या तारेचं वाइंडिंग आणि बाहेरच्या लोखंडी कड्याला आतून ओळीनं चिकटवलेल्या चपट्या पट्ट्या. या पट्ट्या म्हणजे नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे चुंबक. त्यांची चकाकी बहुतेक वेळा निकेलच्या मुलाम्याची असते. मुलामा उडाला की खालचा चुंबक गंजतो आणि त्याची करडी भुकटी सुटू लागते. पाना जवळ नेला तर तो हातातून ओढला जातो, इतकी त्या पट्टीत ताकद असते.

ही ताकद उष्णतेपुढे मात्र हळवी आहे. साध्या प्रतीचा नियोडिमियम चुंबक साधारण ८० अंशांपर्यंत भरवशाचा. त्यापुढे त्याचं चुंबकत्व कायमचं कमी होऊ शकतं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यात मोटर चालताना स्वतःच तापते. म्हणून मोटरीच्या चुंबकात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम थोडंसं मिसळतात. या धातूंचे अणू चुंबकत्वाची दिशा घट्ट धरून ठेवतात, मग चुंबक दीडशे अंशांच्या पुढेही टिकतो. प्रमाण थोडं, पण ते नसेल तर गाडी उन्हात तग धरणार नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी चीननं डिस्प्रोशियम आणि टर्बियमसह सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या उन्हाळ्यात भारतातल्या वाहन उद्योगाला चुंबकांची चणचण भासली. तेव्हापासून एक सूचना वारंवार कानावर येते: सरकारनं या धातूंचा साठा करून ठेवावा. सूचना योग्यच आहे. पण साठा नेमका कशाचा, याचा विचार तिच्यात क्वचितच असतो, आणि माझ्या मते सगळं यश तिथंच अडलेलं आहे.

खनिज साठवणं सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ. हे धातू ज्यात सापडतात त्या मोनाझाइट खनिजाची वाळू वर्षानुवर्षं राहील. पण त्या वाळूत दहा-बारा धातू एकमेकांत मिसळलेले असतात आणि त्यांचे रासायनिक गुण इतके सारखे, की ते वेगळे करायला द्रावणांच्या शेकडो टाक्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवावे लागतात. ते कारखाने हाताशी नसतील तर संकटाच्या दिवशी ती वाळू वाळूच राहते. वेगळं केलेलं ऑक्साइड हे एक पाऊल पुढचं; पूड, हवेत बऱ्यापैकी स्थिर. तरी त्यापासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि मग चुंबक, एवढा रस्ता उरतोच. थेट नियोडिमियम धातू ठेवायचा तर तो हवेत काळवंडतो, त्याचे पापुद्रे सुटतात. तयार चुंबक ठेवले तर ते ठरावीक मापाचेच असणार, आणि उद्याच्या मोटरीला ते माप बसेलच असं नाही. तयार मालाकडे जावं तसा संकटात वेळ वाचतो, पण साठा अधिक नाजूक होतो आणि कमी ठिकाणी उपयोगी पडतो.

ज्वारीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातलं शास्त्र लगेच कळेल. जमिनीत खोल खड्डा, बाजूंनी कडबा, तोंड मातीनं लिंपलेलं. आतलं धान्य आणि किडे श्वसन करून प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, कीड मरते आणि ज्वारी टिकते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरणं जिवावर बेतू शकतं. नियोडिमियम धातूही असाच प्राणवायूपासून लांब ठेवावा लागतो: तेलात बुडवून, नाहीतर आरगॉन वायू भरलेल्या बंद डब्यात. पेव एकदा फोडलं की सगळी ज्वारी लवकर काढावी लागते. धातूचा डबा उघडल्यावरही तशीच घाई असते.

पुढचा प्रश्न, कोणता धातू आणि किती. अमेरिकेनं १९३९ साली कायदा करून असा साठा उभारायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्यांच्या कोठारांत कथिल, रबर, मँगनीज यांच्या जोडीला एरंडेल, पिसं आणि अभ्रकसुद्धा होतं. अभ्रकाचे पत्रे प्रामुख्यानं भारतातून जात, कारण रेडिओच्या निर्वात नळ्यांत तेच वापरलं जाई. मग ट्रान्झिस्टर आला आणि नळ्या मागं पडल्या. अभ्रकाची गरज ओसरली. साठ्याची यादी म्हणजे पुढच्या तंत्रज्ञानाचा अंदाज असतो. ती दर काही वर्षांनी निर्दयपणे तपासली नाही तर पैसा निरुपयोगी मालात अडकतो. शिवाय रबरासारखा माल जुना होतो. जुना विकून नवा भरत राहावा लागतो.

जपाननं १९८३ मध्ये निकेल, क्रोमियम, टंगस्टन, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, मँगनीज आणि व्हॅनेडियम या सात धातूंसाठी ६० दिवसांच्या गरजेचं उद्दिष्ट ठरवलं. ४२ दिवसांचा वाटा सरकारचा, १८ दिवसांचा कंपन्यांचा. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. कंपन्यांकडचा माल रोजच्या वापरात फिरत राहतो, म्हणून शिळा होत नाही.

आणि कोठार उघडायचं कुणी? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असते: दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्यकोठारं परवानगीविना लोकांसाठी खुली केली, आणि विठ्ठलानं येऊन त्याची रक्कम भरली. आजच्या साठ्याला असा पाठीराखा नाही. तिथं नियम आधीच लिहिलेला हवा. अमेरिकेच्या कायद्यानं साठ्याचा हेतू राष्ट्रीय संरक्षण एवढाच ठेवला आहे आणि खरेदी-विक्री करताना बाजार विस्कळीत होणार नाही हे बघायला सांगितलं आहे. ही दुसरी अट महत्त्वाची, कारण या धातूंचे बाजार फार छोटे असतात. एक मोठा सरकारी खरेदीदार उतरला तरी भाव चढतो. एवढा कायदा असूनही शीतयुद्ध संपल्यावर १९९०च्या दशकात तो साठा मोठ्या प्रमाणावर विकला गेला. शांततेच्या काळात कोठार म्हणजे अडकलेला पैसा वाटू लागतो, आणि धोका नेमका तेव्हाच असतो.

भारतानं २०२३ मध्ये ३० कळीच्या खनिजांची यादी काढली. जानेवारी २०२५ मध्ये या खनिजांसाठीच्या १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय मिशनला मंजुरी मिळाली, त्यात साठ्याचाही विचार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली. हे दोन्ही एकत्रच चालायला हवं, कारण कारखाना नसेल तर ऑक्साइडचा साठा मुका आहे. आणखी एक अडचण म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटमध्ये नियोडिमियम आहे, पण डिस्प्रोशियम आणि टर्बियम अगदी नगण्य. म्हणजे साठ्यात पहिली जागा त्या दोघांची.

ते मिळवायचा एक मार्ग भंगारातून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. जळालेल्या मोटरीतलं तांबं लगेच विकलं जातं, पण चुंबकाच्या पट्ट्यांना भंगारात किंमत नाही. त्या लोखंडाबरोबर वितळून जातात आणि त्यांच्यातलं डिस्प्रोशियम भट्टीतल्या मळीत हरवतं. वेगळ्या काढलेल्या पट्ट्यांना हायड्रोजन वायूत ठेवलं तर तो त्यांच्यात शिरतो, त्या आपोआप फुटून त्यांची भुकटी होते आणि तीच पुन्हा चुंबकासाठी वापरता येते. त्यासाठी गॅरेजातून या पट्ट्या वेगळ्या विकत घेणारा कुणीतरी हवा. सोलापूरसारख्या शहरात असं एखादं खरेदी केंद्र उघडलं, तर त्याचा खर्च साठ्याच्याच खात्यात मांडायला हरकत नाही.